हिरवा पट्टा आणि तफीदाची कबुतरं

एकतीस वर्षं मी एका शब्दावर पोट भरलं. "महकमा!" म्हणजे न्यायालय आलं, उठा. दार उघडायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं तर तो पुकारणारा कसला? माझ्या शब्दावर मंत्री उठलेत, बँकांचे मालक उठलेत. एकदा चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा वकील उठायला लागला, तेव्हा मीच त्याला डोळ्यांनी खुणावलं, बाबा, राहू दे. तर असा मी, अब्दुल मौगूद, देशातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाचा पुकाऱ्या. नाव लांबलचक, पगार आखूड. पण ते रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मला एका स्वप्नाबद्दल सांगायचंय, आणि ते स्वप्नसुद्धा माझं नव्हतं.

स्वप्न शर्नूबी साहेबांचं. सात न्यायमूर्तींपैकी ते एक, आणि बावीस वर्षं मी त्यांच्या दालनाला बांधलेला. त्यांचा चष्मा, त्यांची कॉफी, काळ्या कोटावर तिरका घालायचा तो हिरवा रेशमी पट्टा, सगळं माझ्या हातचं. साहेब पॅरिसात शिकलेले, फ्रेंच पुस्तकं उशाशी घेणारे. पण मूळचे नदीच्या वरच्या मुलखातले, आणि तिकडचा माणूस कितीही शिकला तरी स्वप्नाला भितोच. रोज दुपारी दीड वाजता ते बूट काढून, नदीकडे तोंड करून सोफ्यावर आडवे व्हायचे. अर्ध्या तासानं उठायचे आणि बायकोला फोन लावून स्वप्न सांगायचे. नाझली खानम पलीकडून आधी "खैर असो", म्हणजे भलं होवो, म्हणायच्या, मग अर्थ सांगायच्या. चांगलाच सांगायच्या. त्यानंतर साहेब जे लिहायचे त्यात एक खाडाखोड नसायची.

खानम गेल्या. चाळीस दिवस साहेब दुपारचे झोपले नाहीत. एकेचाळिसाव्या दिवशी मी कॉफी घेऊन गेलो, तर डोळे मिटूनच म्हणाले, "मौगूद, मी मासा पाहिला. त्याच्या जिभेवर अंगठी होती."

मला काय कळतंय? पण गप्प राहणं बरं दिसेना. म्हटलं, "खैर असो साहेब. मासा म्हणजे बातमी. अंगठी आहे म्हणजे शुभच असणार."

आठवड्याभरात त्यांच्या नातीचं लग्न ठरलं, आणि तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्याकडे म्हणतात, स्वप्न पक्ष्याच्या पायाला बांधलेलं असतं. पहिला माणूस जो अर्थ सांगेल, तसं ते खाली पडतं. म्हणून स्वप्न कुठल्याही सोम्यागोम्याला सांगायचं नसतं, आपल्यावर जीव असलेल्या माणसालाच सांगायचं. साहेबांनी मला निवडलं. मी कुणाला बोललो नाही, पण घरी जाताना पूल ओलांडेपर्यंत मी तरंगत होतो.

त्याच वर्षी रईसनं सुधारणा काढल्या.

रईस म्हणजे राष्ट्राध्यक्ष, दुसरं कोण. टीव्हीवर येऊन म्हणाले, देश आजारी आहे आणि औषध कडू आहे. सरकारी गिरण्या विकायच्या, गिरण्यांच्या वसाहतीही विकायच्या, राहणाऱ्यांनी नव्वद दिवसांत जागा मोकळ्या करायच्या. माझी थोरली बहीण तफीदा कफ्र अल-वर्दच्या गिरणी वसाहतीत राहायची, घर क्रमांक एकशे चौदा. तिनं हे भाषण शेजारणीच्या टीव्हीवर ऐकलं आणि म्हणाली, "औषध लिहून द्यायचं यानं, प्यायचं आम्ही. चांगला वैद्य आहे."

तफीदाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाप मेला तेव्हा ती बारा वर्षांची, मी सहाचा. दोघांपैकी एकच शाळेत जाऊ शकत होता. तिनं विचारलंही नाही, स्वतःच्या पायानं गिरणीच्या फाटकात जाऊन उभी राहिली. सूत कातायच्या खात्यात तुटलेले धागे सांधायचं काम. चाळीस वर्षं तिनं धागे सांधले. नवरा तिथलाच, कापसाची धूळ छातीत भरून खोकून खोकून गेला. मूलबाळ नाही. गिरणीचा नियम असा की, कामगाराच्या विधवेला शेवटच्या श्वासापर्यंत घर. तेवढं एकच तिच्या हाताला लागलं: दोन खोल्या आणि गच्चीवर कबुतरांचं लाकडी घर. संध्याकाळी ती लांब काठीला फडकं बांधून कबुतरं फिरवायची आणि सगळी वसाहत मान वर करून बघायची. रईसच्या हुकमानं ते घर जाणार होतं.

कामगार न्यायालयात आले. आमच्या न्यायालयानं हुकमाला तात्पुरती स्थगिती दिली. झालं, रईसचा पारा चढला. भर सभेत म्हणाले, "सात म्हातारे देशाच्या वाटेत खाट टाकून झोपलेत." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चित्र आलं, सात टोप्या, सात दाढ्या, एक खाट. आता साहेब दुपारी खरंच झोपतात हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी नाही. आमच्या मुख्य न्यायमूर्तींनी एका ओळीचं उत्तर छापायला दिलं: न्यायालय जागं आहे. त्यावर रईसनं जाहीर केलं की न्यायमूर्तींचं निवृत्तीचं वय सत्तरवरून चौसष्टवर आणायचा कायदा आणतोय. साहेब सदुसष्टचे होते. अर्थ न कळायला कुणी दूधपितं बाळ नव्हतं.

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्याकडच्या भिंतींना तोंडही आहे. तीन न्यायमूर्ती हुकूम रद्द करा म्हणणारे, तीन ठेवा म्हणणारे, आणि सातवे शर्नूबी साहेब, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले.

शुक्रवारी मी तफीदाकडे गेलो. तिनं चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एक शब्द टाक ना तुझ्या साहेबाच्या कानावर."

"ताई, मला एकच शब्द येतो. त्यानं माणसं उभी राहतात, घरं राहत नाहीत."

"थट्टा करू नकोस."

"बावीस वर्षांत मी एकाही खटल्यावर त्यांच्याशी बोललो नाही गं. ते विचारतही नाहीत. माझ्यावर विश्वास आहे तो त्याचसाठी."

तिनं चहा गाळून माझ्यापुढं सरकवला.  ज्या जिभेनं मी नाही म्हणत होतो ती शाळेत गेली होती तिच्या जिवावर. निघताना तिनं एक डबा माझ्या हातात दिला. गरम होता. भरडलेला हिरवा गहू भरून तुपात परतलेली चार कबुतरं.

"ही त्यांना दे. एकटा माणूस, कोण घालत असेल खायला?"

"खटला चालू आहे, ताई."

"मी काय खटला पाठवतेय? कबुतरं पाठवतेय."

इथंच माझं चुकलं. डबा तिथंच ठेवायला हवा होता. पण तिच्या एका गोष्टीला नाही म्हणून झालं होतं, दुसऱ्यांदा तोंड उघडेना. शनिवारी साहेबांनी दोन कबुतरं खाल्ली, बोटं चाटली, म्हणाले, "नाझली गेल्यापासून आज जेवलो असं वाटतंय. कुणी केली?"

"घरची आहेत, साहेब," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.

सोमवारी रईसच्या राजवाड्यावरून एक माणूस आला. गुळगुळीत दाढी, पातळ फाइल, हातात खजुरांची भली मोठी पेटी. साहेबांनी त्याला दालनाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. उंबऱ्यावर उभं राहून, अगदी शांतपणे म्हणाले, "ज्याचा या खटल्यात जीव गुंतलाय त्याच्याशी मी बोलत नाही आणि त्याच्या हातचं खात नाही. मौगूद, यांची पेटी यांच्या गाडीत ठेवून ये."

मी पेटी उचलली. बावन्न पायऱ्या उतरताना डोळ्यांसमोर फक्त तो कबुतरांचा डबा. सांगून टाकावं असं वाटलं. मग वाटलं, जाऊ दे, खाल्लेलं काही परत येत नाही. माणूस स्वतःला असंच समजावतो.

सातही न्यायमूर्ती बंद दाराआड बसून मत देणार, त्याच्या आदल्या दिवशी वाळवंटाकडून खमसीनचं वारं सुटलं. सकाळपासून सगळं पिवळं. दुपारपर्यंत नदीचा पलीकडचा काठ नाहीसा झाला, मग मधली बोट नाहीशी झाली, मग नदीच. खिडकीबाहेर नुसती हळद उधळल्यासारखी हवा. दिवे लावले तर तेही पिवळे, विझल्यासारखे. मुख्य दाराबाहेर कामगार आठ दिवस ठाण मांडून बसलेले, त्यांच्या घोषणा वाळूतून गाळून यायच्या आणि आपण उशीत तोंड खुपसून ऐकतोय असं वाटायचं. माझे पाय जमिनीवर पडतायत की नाही हेसुद्धा मला कळत नव्हतं. अशा हवेत जागा माणूसही अर्धा झोपलेला असतो.

दोन वाजता मी कॉफी घेऊन आत गेलो. साहेब सोफ्यावर उठून बसले होते, पाय उघडे, केस विस्कटलेले. निरखून बघितलं तेव्हा कुठं त्यांनी मला ओळखलं.

"मौगूद, दार लाव."

लावलं.

"मी नावेत उभा होतो. नावाडी नाही. अंगात कोट, त्यावर पट्टा. पट्ट्याचं एक सूत सुटलं आणि पाण्यावरून लांब जायला लागलं. पलीकडच्या काठावर कुणीतरी बसलं होतं, ते सूत ओढून ओढून एका गुंडीवर गुंडाळत होतं. तोंड दिसेना. मी ओरडत नव्हतो. पट्टा उसवत गेला, मग कोट उसवला, मग सदरा. सगळं त्या गुंडीवर. मी तसाच उभा, आणि मला थंडी वाजत होती, पण..." ते थांबले. "पण लाज वाटत नव्हती. हे काय आहे, मौगूद? उद्या मला मत द्यायचंय."

शेवटचं वाक्य ते याआधी कधी बोलले नव्हते. खटल्याचा उच्चार बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी हातातली कॉफी खाली ठेवली.

खरं सांगतो, त्या क्षणी सगळं माझ्या समोर ताटात वाढून ठेवलेलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, खैर असो साहेब, काठावर बसलेली ती गिरणीतली बाई आहे, सूत तिचं आहे, तिचं तिला द्या, पट्टा गेला तरी तुम्हाला लाज वाटणार नाही. किती सोपं. स्वप्नातच अर्थ तयार होता, मी फक्त बोट दाखवायचं. तफीदाचं घर वाचलं असतं. बारा वर्षांची पोर गिरणीच्या फाटकात उभी राहिली त्याची फेड झाली असती.

पण स्वप्न पक्ष्याच्या पायाला होतं, आणि पहिला मी होतो. माझ्या बहिणीच्या घरासाठी मी ते वाकवलं असतं तर ते त्यांच्या अंगावर पडलं असतं, माझ्या नाही. पट्टा त्यांचा जाणार होता. माझ्यावर जीव लावून त्यांनी ते मला सांगितलं होतं. आणि उद्या सकाळी याच तोंडानं मला महकमा म्हणायचं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "हे स्वप्न मला नका विचारू."

"का?"

"माझी बहीण कफ्र अल-वर्दच्या वसाहतीत राहते. घर क्रमांक एकशे चौदा. तुमच्या निकालात तिचं घर आहे. मी जो अर्थ सांगेन तो तिच्याच बाजूचा असेल."

बाहेर वाळू काचेवर घासत होती. साहेबांनी चष्मा शोधला. उशीखाली होता, तो मी दिला नाही, त्यांनीच घेतला.

"ती कबुतरं?" त्यांनी विचारलं.

"तिनंच केली होती."

"हं." मग चष्मा पुसत, "चांगली होती."

त्यांनी बूट स्वतः घातले. नाड्या बांधायला खूप वेळ लागला, वाकून मदत करायला गेलो तर हातानं थांबवलं. मग टेबलापाशी बसून चार ओळी लिहिल्या, घडी घातली आणि मुख्य न्यायमूर्तींकडे नेऊन दे म्हणाले. चिठ्ठी उघडी होती. मी जिन्यात वाचली. या खटल्यात ज्याचा हितसंबंध आहे अशा व्यक्तीच्या घरचं मी नकळत जेवलो आहे आणि तिच्या भावापाशी माझं मन बोललो आहे, सबब मी या खटल्यातून बाजूला होत आहे.

मी तसाच परत वर गेलो. "साहेब, दोन कबुतरांसाठी? बाहेर माणसं आठ दिवस वाळू खातायत."

"खजुराच्या पेटीला मी काय म्हणालो होतो, ऐकलंस ना तू?"

"मी बोललोच नसतो तर?"

"तर मला माहीत नसतं, मौगूद." आवाजात राग नव्हता, तेच सहन होईना. "आता माहीत आहे. चिठ्ठी घेऊन जा."

त्यांच्या जागी बदली न्यायमूर्ती बसले. निकाल चार विरुद्ध तीन. रईसचा हुकूम कायम. त्या सकाळी मी महकमा म्हणालो तेव्हा मागच्या रांगेतले काही जण उठलेच नाहीत. एकतीस वर्षांत मला पहिल्यांदा दुसऱ्यांदा पुकारावं लागलं.

रईसचं एवढ्यानं भागलं नाही. जिंकूनही चौसष्टचा कायदा आणलाच. साहेब उन्हाळ्यात घरी गेले, आणखी दोघे गेले. दालन रिकामं करायचं काम अर्थातच माझ्याकडे. पुस्तकं खोक्यात भरली, पट्टा घडी करून कागदात बांधला. टेबलाचा खालचा खण अडकत होता. हिसका देऊन ओढला तर आत साहेबांच्या हातच्या नऊ पानांचा निकाल. एकही खाडाखोड नाही. वर तारीख, स्वप्नाच्या चार दिवस आधीची. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, कामगारांच्या विधवांना आयुष्यभरासाठी दिलेलं घर ही मेहेरबानी नसून त्यांच्या पतीच्या व त्यांच्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला आहे, तो कोणत्याही सुधारणेच्या नावाखाली काढून घेता येणार नाही, सबब हुकूम रद्द.

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. शिपायानं बसू नये अशी ती खुर्ची.  त्यांचं सगळं ठरलेलं होतं. त्यांना अर्थ नको होता, कुणीतरी फक्त खैर असो म्हणायला हवं होतं, जसं खानम म्हणायच्या. मी नुसतं तेवढं म्हणालो असतो आणि कॉफी पुढं केली असती तर तफीदाचं घर आज असतं. मी खरं बोललो आणि माझ्याच बहिणीला रस्त्यावर आणलं. त्या खुर्चीत मी रडलो, कुणी ऐकेल याची पर्वा न करता.

तफीदाला निकालाच्याच दिवशी सांगायला गेलो होतो. गाडीनं तीन तास. ती गच्चीवर होती, दाणे टाकत.

"बोललास साहेबाशी?"

"बोललो."

"काय बोललास?"

"खरं ते. तू माझी बहीण आहेस म्हणून."

हातातले दाणे तिनं संपवले. मग म्हणाली, "तुला शाळेत घातलं तिथंच चुकलं माझं." आणि खाली निघून गेली. मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

नव्वदाव्या दिवशी ती माझ्याकडे आली. चौथ्या मजल्यावरचं माझं घर, मी विधुर, दोन खोल्या, जागेला तोटा नाही. एक पेटी, एक गादी, तीन टोपल्या कबुतरं. मी गच्चीवर फळ्या ठोकून त्यांना घर करून दिलं. महिनाभर जाळीत कोंडून ठेवली, मग तिनं सोडली. दोन गिरक्या घेतल्या आणि सगळी उत्तरेला निघून गेली, कफ्र अल-वर्दकडे. आता तिथं कुलूप आणि पहारेकरी. संध्याकाळी नऊच परत आली. पुढं मधूनच त्यातलंही एखादं कमी व्हायचं. ती काही म्हणायची नाही. उत्तरेकडे बघत काठी हातात धरून उभी राहायची.

पानगळीच्या सुमारास एका संध्याकाळी मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. हवा मऊ होती, खाली पुलावरच्या गाड्यांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येत होता. मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं. खण, नऊ पानं, तारीख, शेवटची ओळ. काही लपवलं नाही. वाटलं, हाकलून दिलं तर दिलं, घर माझंच आहे.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि ते स्वप्न? ते नाही सांगितलंस तू मला."

"ते मी कुणालाच सांगितलं नाही. अर्थ कुणीच सांगितला नाही अजून. साहेबांनीही दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून दुपारचे झोपतच नाहीत म्हणे."

"म्हणजे अजून लोंबकळतंय ते. सांग."

मी सांगितलं. नाव, सूत, पट्टा, कोट, सदरा, काठावरचं तोंड न दिसणारं माणूस. माझी खात्री होती ती काय म्हणणार याची. ते माणूस तूच रे, म्हणणार. सगळं उसवलंस ते तूच. आणि पहिली तीच असल्यामुळं ते तसंच पडणार. मी मान खाली घालून तयार राहिलो.

"खैर असो," तफीदा म्हणाली.

मी वर बघितलं.

"गुंडी होती ना? गुंडाळत होतं ना ते माणूस? फेकत तर नव्हतं?"

"गुंडाळत होतं."

"मग झालं तर. चाळीस वर्षं सूत बघितलंय मी. जे वाया घालवायचं असतं ते कुणी गुंडाळत बसत नाही. तुझ्या साहेबाचं सगळं सूत नीट ठेवलंय कुणीतरी. लाज वाटत नव्हती म्हणाला ना? मग. चांगलं स्वप्न आहे." तिनं काठी भिंतीला टेकवली. "आणि थंडी वाजत होती, तर म्हणावं ऊबदार काहीतरी घालत जा. एकटी माणसं अंगाकडे बघत नाहीत."

 जिचं घर गेलं ती बाई, जिच्या हातात ते स्वप्न हवं तसं पाडायची मुभा होती, तिनं ते असं अलगद खाली ठेवलं. मी तिचा हात धरला. तिनं ओढून घेतला. "पुरे. राहिलेल्यांपैकी चार पकड. जी गेली ती गेली. ही इथंच राहणारी दिसतात, त्यांना भरून शिजवते. उद्या मला तुझ्या साहेबाकडे घेऊन चल."

साहेबांचं घर शहरातल्या झमालेक भागात, तिसरा मजला, खिडकीतून नदी. दुपारची वेळ. ते पायात सपाता घालून आरामखुर्चीत बसले होते, बारीक झालेले. मला बघून हात हलवला, बस म्हणाले. मागून तफीदा आत आली, काळी चादर डोक्यावरून, हातात डबा.

"या कोण?"

"घर क्रमांक एकशे चौदा," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा लावून तिच्याकडे पाहिलं. तफीदानं कुणी सांगायची वाट न बघता समोरची खुर्ची ओढली, बसली आणि त्यांना स्वप्नाचा अर्थ सांगितला, गुंडीपासून ऊबदार कपड्यापर्यंत. मध्येच एकदा साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग तिनं डबा उघडला. तुपाचा वास खोलीभर झाला.

"आता तुम्ही साहेब नाही आणि माझं घरही नाही," ती म्हणाली. "आता खायला हरकत नसावी."

साहेबांनी दोन खाल्ली. हातानं. नंतर खुर्चीत मागं टेकले आणि त्यांच्या पापण्या जड व्हायला लागल्या. खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं आणि नदीवर एक पांढरं शीड अगदी हळू चाललं होतं.

"झोपा आता," तफीदा म्हणाली आणि डबा घेऊन उठली.

साहेब उठले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, सदऱ्याची वरची गुंडी लावत, सरळ उभे राहिले, आणि ती दाराबाहेर पडून जिना उतरेपर्यंत तसेच उभे होते. मी काही पुकारलं नव्हतं.